सुरू न होणाऱ्या जुन्या गाडीतील इंजिनचे फॉल्ट कोड : वाचन आणि तपासणी

विदर्भातील खेड्यांत चारचाकी बहुधा सेकंड हँडच येते. नागपूर, अमरावती किंवा अकोल्याच्या बाजारातून घेतलेली दहा-पंधरा वर्षांची गाडी घरच्या दवाखान्याच्या फेऱ्या, बाजार आणि लग्नकार्ये सांभाळत असते, आणि एखाद्या सकाळी ती सुरूच झाली नाही की सगळे घर अडते. तालुक्याहून मेकॅनिक येतो, स्कॅनर लावतो, पडद्यावर ज्या सेन्सरचे नाव दिसते तो सेन्सर बदलतो. गाडी तरीही सुरू झाली नाही तर दुसरा सेन्सर मागवला जातो. विजेचे पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाहीत, त्यामुळे हा सगळा खर्च मालकाच्या अंगावर पडतो. हा लेख ज्यांनी स्कॅनर कधी हातात घेतलेला नाही, पण साधा मल्टिमीटर वापरण्याची तयारी आहे, अशा मालकांसाठी आहे. त्यातील मुख्य सूत्र एवढेच की, कोणत्या सर्किटमधून आलेला आकडा इंजिनच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, पटला नाही हे कोड सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर, वायर, कपलर (वायरी जोडणारा सांधा), फ्यूज आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी जोडणी) या सगळ्यांचा समावेश असतो, आणि त्यांपैकी नेमके काय बिघडले हे मोजमाप करूनच ठरवावे लागते.

गाडी कोणत्या काळातील आहे

सर्वप्रथम आपल्या गाडीत कोड साठवणारी यंत्रणा आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी. कार्बुरेटरची मारुती ८०० किंवा यांत्रिक पंपाची जुनी डिझेल इंडिका आणि बोलेरो यांसारख्या गाड्यांत इंजिन चालवणारा ईसीयू नसतो, त्यामुळे तेथे स्कॅनरचा उपयोग नाही. भारतात बीएस-४ (भारत स्टेज-४ या प्रदूषण मानकाच्या) गाड्यांना ओबीडी-२ ही प्रमाणित निदानप्रणाली एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाली. तथापि बीएस-४ मानक एप्रिल २०१० मध्ये प्रथम केवळ १३ शहरांत लागू झाले, ज्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती, नागपूर नव्हते. संपूर्ण देशात ते १ एप्रिल २०१७ पासून आले. म्हणून विदर्भात २०११ किंवा २०१२ साली नोंदलेली गाडी बीएस-३ असण्याची शक्यता बरीच आहे. अशा गाडीत स्कॅनर लावण्याचे १६ पिनांचे सॉकेट असले तरी बाजारातील सर्वसाधारण स्कॅनर तिच्याशी जुळेलच असे नाही, आणि तेव्हा त्या कंपनीच्या गाड्यांचा स्कॅनर असलेल्या मेकॅनिकची मदत घ्यावी लागते.

त्याहून जुन्या काही फ्युएल इंजेक्शन गाड्या कोड दिव्याच्या लुकलुकण्यातून सांगतात. जुन्या सुझुकी प्रणालीत निदानाच्या कपलरमधील ठरावीक दोन पिना जोडून किल्ली ऑनवर ठेवली की चेक इंजिनचा दिवा आधी दहम स्थानाचा आणि मग एकम स्थानाचा अंक मोजून दाखवतो. एकदा लुकलुकणे, थोडा विराम आणि मग दोनदा लुकलुकणे म्हणजे १२, आणि त्या प्रणालीत १२ चा अर्थ दोष नोंदलेला नाही असा आहे. कोणत्या दोन पिना जोडायच्या, हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवावे, कारण अंदाजाने चुकीची पिन जोडल्यास ईसीयू जळू शकतो.

आधी बॅटरी, मग कोड

स्कॅनर लावण्याची घाई करू नये. बॅटरी उतरलेली असताना ईसीयूला मिळणारा विजेचा दाब (व्होल्टेज) खाली जातो आणि तो भलतेच कोड नोंदवतो, ज्यांच्या मागे लागून पूर्ण दिवस वाया जातो. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही खांबांवर मोजावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे ती आधी चार्ज केलीच पाहिजे. त्यानंतर एका माणसाला सेल्फ मारायला सांगून मीटरकडे पाहावे. इंजिन फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर आहे. अकोला, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि बॅटरीचे आयुष्य खरे तर याच उष्णतेने कमी होते. ती दगा देते तो दिवस मात्र अनेकदा पुढच्या थंडीत उगवतो.

अर्थची तपासणीही याच वेळी करावी. मीटरचे काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल टोक इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरून सेल्फ मारावा. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आला तर इंजिनकडे जाणारी अर्थ वायर गंजली आहे किंवा तिचा नट सैल आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरून गेलेल्या गाडीखाली काळी माती महिनोन्महिने चिकटून राहते, तिच्यात ओल टिकते आणि अर्थच्या जोडाला गंज चढतो. तो जोड घासून साफ केल्यावर तीन-चार कोड एकदम नाहीसे होणे ही नवलाची गोष्ट नाही.

शेजारून बॅटरीला बॅटरी लावून गाडी सुरू करायची असेल तर ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी चालते. ट्रकची २४ व्होल्टची जोडणी मात्र कधीही लावू नये, त्याने ईसीयूच जातो. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी दिसते. तीही धोक्याची आहे, कारण त्या क्षणी दाब एकदम उसळतो.

किल्ली फिरवल्यावर काय होते, ते नोंदवा

गाडी सुरू होत नाही या एका वाक्यात दोन वेगळे बिघाड सामावतात. पहिल्यात सेल्फच लागत नाही: नुसते टक् असा आवाज येतो किंवा काहीच होत नाही. त्याचे कारण बहुतेक वेळा बॅटरी, टर्मिनल, सेल्फचा सोलेनॉइड किंवा क्लच स्विच यांत असते आणि कोड तेथे फारशी मदत करीत नाही. दुसऱ्यात इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही. पुढील सर्व विवेचन मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

सेल्फ मारण्यापूर्वी किल्ली ऑनवर ठेवून तीन गोष्टी पाहाव्यात. चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे. तो लागलाच नाही तर बल्ब गेला आहे किंवा ईसीयूला वीजच पोहोचत नाही, आणि अशा वेळी मुख्य रिले, ईसीयूचा फ्यूज व अर्थ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पेट्रोल गाडीत मागच्या सीटखालून किंवा टाकीजवळून पंपाचा दोनेक सेकंदांचा घूंऽऽ असा आवाज आला पाहिजे. किल्लीच्या चित्राचा किंवा इमोबिलायझरचा (चोरीरोधक यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहू नये. चिप नसलेली डुप्लिकेट किल्ली वापरल्यास इंजिन फिरते पण सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते. म्हणून मूळ किल्लीने एकदा प्रयत्न करून पाहावा. फोर्डच्या काही जुन्या गाड्यांत धक्का बसल्यावर पेट्रोल पंप बंद करणारा स्विच असतो आणि खड्ड्याच्या मोठ्या दणक्याने तो उडू शकतो. तो दाबून पूर्ववत करण्याआधी पेट्रोल कुठे गळत नाही ना, हे अवश्य पाहावे.

ही सगळी तपासणी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावून करावी. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट थांबावे. जवळ विडी-सिगारेट पेटवू देऊ नये. बॉनेट उघडले की माणसे जमतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

कोड वाचणे आणि लिहून घेणे

मोबाइलला ब्लूटूथने जोडले जाणारे ईएलएम ३२७ प्रकारचे छोटे अडॅप्टर आता सहज मिळते आणि त्यासोबत टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखे अ‍ॅप वापरता येते. गावात नेटवर्क नसेल तर अ‍ॅप आधीच उतरवून ठेवावे. कोड वाचताना इंटरनेट लागत नाही. अगदी स्वस्त नकली अडॅप्टर नव्या गाड्यांवर चालतात, पण के-लाइन (निदानासाठीची जुन्या पद्धतीची संपर्क वायर) वापरणाऱ्या जुन्या गाड्यांशी त्यांचा संपर्क अनेकदा होत नाही, त्यामुळे अडॅप्टर दुसऱ्याच्या गाडीवर चालले एवढ्यावरून आपला ईसीयू मेला असा निष्कर्ष काढू नये.

सॉकेट बहुधा स्टीअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला असते. अडॅप्टर बसवल्यावर त्याचा दिवा लागला नाही तर सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनवर बॅटरीचा दाब आणि ४ व ५ क्रमांकांच्या पिनांवर अर्थ येतो का, ते मोजावे. काही गाड्यांत या पिनेचा फ्यूज लायटर सॉकेट किंवा आतल्या दिव्याच्या फ्यूजशी सामाईक असतो, आणि मोबाइल चार्जर लावून तो उडालेला असतो.

किल्ली ऑनवर ठेवून कोड वाचावेत आणि ते सर्व कागदावर उतरवावेत: कोणता कोड, पक्का की पेंडिंग (अजून पक्का न झालेला), आणि त्यासोबतची फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनचे तापमान, मिनिटाला होणारे फेरे आणि गाडीचा वेग किती होता याची नोंद. कोड पुसण्याचे बटण या टप्प्यावर दाबू नये. पुसले की फ्रीझ फ्रेमही जाते, आणि दोष रोज येणारा नसेल तर मेकॅनिकच्या हाती काहीच उरत नाही. बॅटरी काढून ठेवल्यानेही अनेक गाड्यांत हीच नोंद नष्ट होते.

कोडच्या सुरुवातीचे पी हे अक्षर इंजिन व गिअरबॉक्सशी संबंधित दोष दाखवते, तर यू म्हणजे गाडीतील संगणकांच्या आपसांतील संपर्काचा दोष. त्यानंतरचा शून्य सर्व कंपन्यांसाठी समान अर्थाचा कोड सांगतो. तेथे १ असेल तर तो कंपनीचा स्वतःचा कोड असतो आणि त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या यादीत शोधावा लागतो. तिसऱ्या स्थानी १ किंवा २ म्हणजे इंधन आणि हवा, ३ म्हणजे ठिणगी व मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे), ४ म्हणजे प्रदूषण नियंत्रण, ६ म्हणजे संगणक व त्याचा वीजपुरवठा. गाडी सुरू होत नसताना पी०४२० यांसारखा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा कोड दिसला तर तो सध्या बाजूला ठेवावा. पी०३३५ आणि पी०३४० हे इंजिनचे फिरणे टिपणाऱ्या क्रँक व कॅम सेन्सरचे, पी०२३० हा पेट्रोल पंपाच्या सर्किटचा, पी०६८५ हा ईसीयूच्या पॉवर रिलेचा, पी०५६२ हा कमी व्होल्टेजचा, पी०५१३ हा इमोबिलायझर किल्लीचा, आणि यू०१०० हा ईसीयूशी संपर्क तुटल्याचा कोड मात्र प्रथम तपासावा.

एक कोड शेवटपर्यंत : पी०३३५

क्रँक सेन्सर इंजिन फिरते आहे ही बातमी ईसीयूला देतो. ती बातमी मिळाली नाही तर बहुतेक गाड्यांत ईसीयू ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही रोखून धरतो. म्हणून पी०३३५ दिसल्यावर पहिले काम पार्ट मागवण्याचे नसते. अ‍ॅपमध्ये लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरांचे त्या क्षणाचे आकडे, उघडून फेऱ्यांचा आकडा समोर ठेवावा आणि सेल्फ मारावा. निरोगी गाडीत तो साधारण १५० ते ३०० दाखवतो. सेल्फ जोमाने फिरत असूनही आकडा शून्यच राहिला तर सिग्नल ईसीयूपर्यंत येत नाही, हे सिद्ध झाले. आकडा नीट येत असेल तर तो कोड जुना असू शकतो आणि दोष अन्यत्र शोधावा.

सेन्सर बहुधा गिअरबॉक्सच्या तोंडाशी फ्लायव्हीलजवळ किंवा पुढच्या पुलीजवळ असतो. किल्ली बंद करून त्याचा कपलर काढावा आणि आत हिरवट गंज, तेल किंवा वाकलेली पिन आहे का, ते उजेडात पाहावे. त्यानंतर वायरी मोजाव्यात. दोन वायरींचा सेन्सर असेल तर तो चुंबक आणि गुंडाळीचा असतो, त्याच्या दोन पिनांमधील रोध ओहममध्ये मोजता येतो. तो बहुधा काहीशे ते हजार-दीड हजार ओहमच्या दरम्यान येतो, आणि मीटरने अनंत दाखवले तर आतील गुंडाळी तुटली आहे. तीन वायरींचा सेन्सर बहुधा हॉल प्रकारचा असून त्याला बाहेरून वीज लागते, म्हणून त्याचा ओहममध्ये रोध मोजू नये. तेथे किल्ली ऑन ठेवून कपलरच्या गाडीकडील बाजूस एका पिनवर ५ किंवा १२ व्होल्ट, दुसरीवर नीट अर्थ येतो का, ते पाहावे. वीज आणि अर्थ दोन्ही असतील, सिग्नलची वायर ईसीयूपर्यंत सलग असेल, आणि तरीही सिग्नल येत नसेल, तेव्हाच सेन्सरवर दोष ठेवावा. बदलण्यापूर्वी तो काढून त्याच्या टोकावर धातूचा कीस चिकटला आहे का, हे पाहावे. चुंबकाला चिकटलेला हा काळा कीस पुसल्यावर काही सेन्सर पुन्हा काम करू लागतात.

उन्हाळ्यात या सेन्सरचे एक खास लक्षण दिसते. सकाळी गाडी बिनतक्रार सुरू होते, दुपारी बाजारातून परतताना अचानक बंद पडते, आणि अर्धा-पाऊण तास सावलीत उभी केली की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू होते. आतील जोड तापल्यावर सुटतो आणि निवल्यावर परत जुळतो. अशी गाडी घरी थंड असताना तपासली तर सगळे मापन योग्यच येते, म्हणून मोजमाप बंद पडल्याच्या जागीच, इंजिन तापलेले असताना करावे. त्यासाठी अडॅप्टर आणि मीटर गाडीतच ठेवावेत.

एकदम अनेक कोड दिसल्यास

इंजिनचे तापमान, थ्रॉटल आणि हवेचा दाब अशा परस्परांशी संबंध नसलेल्या सेन्सरांचे कोड एकाच वेळी आले तर सगळे सेन्सर एकदम खराब झाले असे मानू नये. या सेन्सरांना ईसीयूकडून ५ व्होल्टची सामाईक वीज आणि सामाईक अर्थ मिळतो. एका सेन्सरमध्ये शॉर्ट झाला तरी हा दाब सर्वांसाठी खाली येतो. एखाद्या कपलरवर मीटर लावून ठेवावे आणि बाकीचे सेन्सर एकेक करून सोडवत जावेत. ज्याचा कपलर काढताच आकडा ५ वर परत येतो, तो सेन्सर किंवा त्याकडे जाणारी वायर दोषी असते.

विदर्भात या प्रकाराचे फार मोठे कारण उंदीर आहेत. कोठ्याजवळ, कुटाराच्या ढिगाशेजारी किंवा कापूस, तूर आणि सोयाबीन साठवलेल्या टिनाच्या शेडमध्ये गाडी उभी राहते, आणि सुगीनंतर उंदीर उबेसाठी इंजिनवर चढतात. वायरिंग इनटेक मॅनिफोल्डखाली, बॅटरीच्या ट्रेखाली आणि फायरवॉलपाशी ज्या ठिकाणी डोळ्यांना दिसत नाही तेथेच कुरतडलेले असते. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन ही ठिकाणे पाहावीत; लेंड्या, सरकीची टरफले किंवा कापसाचा बोळा दिसला की वायर तेथेच शोधावी. जोड देताना नुसता पीळ घालून टेप गुंडाळू नये, सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी चढवावी, नाहीतर पहिल्या पावसात तो कोड परत येईल. गॅस किट किंवा बाजारातील सेंट्रल लॉक बसवलेल्या गाडीत त्या कामासाठी मूळ वायरी कापून दिलेले सांधे सर्वांत आधी तपासावेत.

तापमानाच्या सेन्सरबाबत एक सोपी कसोटी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत लाइव्ह डेटामध्ये इंजिनच्या पाण्याचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे असले पाहिजे. पाण्याचे तापमान उणे ४० दाखवत असेल तर ते सर्किट तुटलेले आहे. ईसीयू इंजिन गोठलेले समजून वारेमाप पेट्रोल सोडतो आणि प्लग ओले होतात. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला तर बहुतेक पेट्रोल इंजेक्शन गाड्यांत पेट्रोल बंद होते आणि साचलेले बाहेर पडते.

कोड नसेल आणि गाडीही सुरू होत नसेल

पंप कमजोर झाला, फिल्टर तुंबला किंवा टाकीत पाणी गेले तर ईसीयूला ते कळेलच असे नाही. सेल्फ मारून झाल्यावर एक प्लग काढून पाहावा: तो कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही, ओला असेल तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त झाले आहे. ठिणगी पाहण्यासाठी स्पार्क टेस्टर वापरावा. हाय टेन्शन वायर हवेत धरून ठिणगी उडवल्याने कॉइल आणि ईसीयू दोन्हींना इजा होते. मल्टिपॉइंट इंजेक्शनमध्ये पेट्रोलचा दाब साधारण ३ बार असतो आणि तो गेजनेच मोजावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओल शोषते, त्यामुळे पावसाळाभर उभ्या ठेवलेल्या गाडीत तळाशी पाणी साचू शकते. संशय आल्यास थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून थर दिसतो का, ते पाहावे.

कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे जेथे उच्च दाबाच्या एका सामाईक नळीतून (रेलमधून) सर्व इंजेक्टरना डिझेल मिळते, तेथे पी००८७ हा रेलचा दाब कमी असल्याचा कोड महत्त्वाचा ठरतो. शून्यांची संख्या नीट पाहून लिहावी. तेथे प्रथम डिझेल फिल्टरमधील पाणी सोडून नवा फिल्टर लावावा. इंजिन फिरत असताना या प्रणालीची नळी घरी कदापि सैल करू नये, कारण शेकडो बार दाबाने निघालेले डिझेल कातडीच्या आत शिरते आणि ती जखम गंभीर असते.

दुरुस्तीनंतर

दोष सापडून दूर झाल्यावर मगच कोड पुसावेत. त्यानंतर गाडी थंड असताना आणि पूर्ण तापल्यावर, दोन्ही वेळा सुरू करून पाहावी, तालुक्यापर्यंत एक फेरी मारावी आणि पुन्हा स्कॅनर लावून पेंडिंग कोड वाचावेत. तोच कोड पेंडिंगमध्ये दिसला तर दिवा लागण्याची वाट न पाहता त्याच सर्किटची मापने कागदावरील जुन्या आकड्यांशी ताडून पाहावीत. मेकॅनिकला बोलवायची वेळ आलीच तर फोनवर कोड, बॅटरीचा आकडा, सेल्फ मारताना दिसलेले फेरे आणि पंपाचा आवाज आला की नाही, एवढे चार तपशील सांगावेत, म्हणजे तो निघतानाच योग्य साहित्य बरोबर घेईल.